इमारतीचं ॲव्हरेज किती?

जुनी दुचाकी घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" विकणारा पन्नास सांगतो, घेणारा मनातल्या मनात चाळीस धरतो आणि व्यवहार त्या चाळिसावर होतो. नव्या गाडीच्या माहितीपत्रकात एआरएआयने प्रमाणित केलेला आकडा असतो, तो आपण वाचतो आणि जरा हसतो. एआरएआय पुण्यातच आहे, वेताळ टेकडीच्या अंगाला. तिथली चाचणी खोटी नसते. ती बंद खोलीत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने होते. पण संध्याकाळी साडेसहाला कर्वे रस्त्यावर गाडी किती देते हे त्या खोलीला माहीत असायचं कारण नाही, एवढं आपल्याला कुणी न शिकवता कळतं.

हाच चौकस माणूस पुढे कंपनी काढतो, पन्नास जणांसाठी ऑफिस भाड्याने घेतो आणि अचानक मुका होतो. भाडं किती, लोडिंग किती, पार्किंग किती, लॉक-इन किती वर्षांचं हे सगळं विचारतो. इमारत वर्षाला चौरस मीटरमागे किती वीज खाते हे विचारत नाही. विचारलं तरी उत्तर मिळणार नाही, कारण ते सांगायचं बंधन कुणावरच नाही. दारात एक पितळी किंवा काचेची पाटी असते, तिच्यावर पान कोरलेलं असतं आणि खाली 'गोल्ड' नाहीतर 'प्लॅटिनम' लिहिलेलं असतं. ती बघून सगळे समाधानी.

माझं म्हणणं असं, की ती पाटी उतरवून तिच्या जागी गेल्या बारा महिन्यांच्या वीजबिलाचा आकडा लावायला कायद्याने भाग पाडावं. ठरावीक आकाराच्या वरच्या प्रत्येक ऑफिस इमारतीला, मॉलला, हॉटेलला आणि खाजगी इस्पितळाला. पाटीबद्दल मला वैयक्तिक राग नाही. पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर आहे असं भासवते, त्याचं ते उत्तर नाही.

नव्या इमारतींना मिळणारी बहुतेक हरित प्रमाणपत्रं आराखड्यावर मिळतात. काच कुठली, भिंतीला इन्सुलेशन आहे का, चिलर किती कार्यक्षम, सायकल लावायला जागा आहे का, पावसाचं पाणी जिरवलंय का. प्रत्येकाचे गुण, गुणांची बेरीज, बेरजेवर पदक. ऊर्जेचे गुण बहुतेकदा संगणकावरच्या नमुन्यावरून ठरतात. विकासकाची इमारत एका सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची, शेजारी तेवढीच एक 'प्रमाण' इमारत उभी करायची, दोन्ही वर्षभर चालवून बघायच्या आणि आपली किती टक्के कमी खाते ते सांगायचं. माणसं किती वाजता येतील, किती वाजता जातील, एसी कितीवर ठेवतील, पडदे ओढतील का, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रकार मला फारच ओळखीचा वाटतो. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट लिहायची, ती हिरवी झाली की डेमो द्यायचा आणि प्रॉडक्शनचे लॉग कुणी उघडायचेच नाहीत. आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला रात्री दोन वाजता फोन येतो. इमारतीच्या धंद्यात त्याला पुरस्कार मिळतो.

चालू इमारतींसाठी प्रत्यक्ष वापरावर आधारलेली प्रमाणपत्रं आहेत, हे न सांगणं अन्यायाचं होईल. ती घ्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर आहे. आणि ज्या परीक्षेचा निकाल बघून मगच नाव नोंदवायचं की नाही हे ठरवता येतं, त्या परीक्षेत कोण नापास होईल?

आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, म्हणजे ईसीबीसी. २०१७ मध्ये ती सुधारली. १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी संकुलांनाही कक्षेत घेतलं. पण संहिता केंद्राने करायची, राज्याने अधिसूचित करायची, महापालिकेने आपल्या बांधकाम नियमांत घालायची आणि नगररचना विभागातल्या आधीच फायलींनी वेढलेल्या अभियंत्याने तपासायची, असा तो प्रवास आहे. शिवाय तो प्रवास यशस्वी झाला तरी संपतो बांधकामाच्या टप्प्यावर. भिंतीतल्या काचेचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत ठेवा, असं संहितेची सोपी वाट सांगते. ज्याला नखशिखांत काच हवी असेल त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, तोच वर सांगितलेला संगणकावरचा नमुना. इमारत उभी राहिली, भोगवटा पत्र मिळालं, की पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती काय करते याच्याशी संहितेला देणंघेणं नाही.

आणि आपण त्या आराखड्यासाठी रोख मोजतो. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो, मानांकनाच्या पायरीनुसार. पुण्यात ७ टक्के म्हणजे काय, हे ज्याने बाणेर-बालेवाडीतले दर ऐकलेत त्याला वेगळं सांगायला नको. जादा बांधकाम एकदा झालं की ते कायमचं. त्या मजल्यांचं भाडं दर महिन्याला येत राहतं. बदल्यात शहराने काय घेतलं? एक वचन. ते पाळलं की नाही हे विचारायचं कलम घालावं असं कुणाला वाटलं नाही. मानांकन मिळालं का एवढंच बघायचं, वीज वाचली का हे नाही.

मी ज्या इमारतीत काम करतो तिच्या लॉबीत अशी एक पाटी आहे. एकदा कुतूहलाने मी फॅसिलिटीच्या साहेबांना विचारलं, "आपल्या बिल्डिंगला महिन्याला किती युनिट लागतात?" ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, आमच्या मजल्यांचे सबमीटरचे सांगतो, बाकीचं मालकाकडे. मालकाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, ही माहिती गोपनीय आहे. इमारतीची वीज गोपनीय! क्षेपणास्त्रं बनत असल्यासारखी. आम्ही विम्याचे दावे हाताळणारं सॉफ्टवेअर बनवतो.

या गोपनीयतेमागे फार मोठं कारस्थान नाही, हिशेब आहे. विकासक इमारत बांधतो आणि विकून किंवा भाड्याने देऊन मोकळा होतो. स्वस्त काच आणि बेताचा चिलर लावला तर पैसे त्याचे वाचतात आणि बिल दुसऱ्याचं वाढतं. मालक बिल भाडेकरूकडे ढकलतो. त्याचा एक भाग मीटरवर दिसतो, दुसरा कॉमन एरिया मेंटेनन्सच्या चौरस फुटी दरात विरघळलेला असतो, त्यात लॉबीच्या झुंबरापासून चिलरपर्यंत सगळं. सातनंतर थांबलात तर एसीचे तासाचे वेगळे पैसे. भाडेकरू सांगेल ते भरतो, कारण त्याला तुलना करायला काही नाही. शेजारच्या इमारतीत हेच काम निम्म्या विजेत होत असेल तर ते त्याला कळणार कसं? मोठ्या कंपन्या आपले सल्लागार नेमून शोधून काढतात. तिसऱ्या मजल्यावरचा कोचिंग क्लासवाला, पॅथॉलॉजी लॅबवाली, चार जणांची सीए फर्म, हे शोधू शकत नाहीत, आणि सगळ्यात आंधळेपणाने तेच भरतात.

घरांच्या बाबतीत ही लबाडी आपण एकदा मोडली आहे. सुपर बिल्टअप नावाच्या रबरी मापाने जिने, लॉबी आणि पाण्याची टाकी आपल्याला वर्षानुवर्षं विकली गेली. रेरा आला आणि कार्पेट एरिया सांगावाच लागला. त्याने घरं स्वस्त झाली नाहीत हे खरं. पण आपण कशाचे पैसे देतोय हे कळायला लागलं, आणि दोन फ्लॅट शेजारी ठेवून बघता यायला लागले.

आकडा उघड करायला लावला की काय होतं, याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथे २००९ मध्ये 'लोकल लॉ ८४' मंजूर झाला. ५० हजार चौरस फुटांवरच्या इमारतींनी दरवर्षी वीज, गॅस, वाफ, पाणी यांचा वापर शहराला कळवायचा आणि शहराने तो प्रसिद्ध करायचा. गुण १ ते १०० मध्ये, देशभरातल्या तशाच इमारतींशी तुलना करून. ५० म्हणजे मधोमध. व्यापारी इमारतींचे पहिले आकडे २०१२ मध्ये लोकांसमोर आले तेव्हा अनेकांची पंचाईत झाली. १९३० ची क्रायस्लर बिल्डिंग ८४. १९३१ ची एम्पायर स्टेट ८०. तिच्या साडेसहा हजार खिडक्या काढून, दुरुस्त करून, नुकत्याच परत बसवल्या होत्या. आणि शहराच्या हरित इमारतींचं तोरण समजली जाणारी, 'लीड गोल्ड' मिळालेली, २००६ ची सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर ७४. कार्यक्षम इमारतीचा शिक्का मिळायला ७५ लागतात. एका गुणाने हुकली.

सगळ्यात तळाची गोष्ट मात्र सीग्राम बिल्डिंगची. मीस फान डेर रोहने काढलेली, १९५८ ची, स्थापत्याच्या प्रत्येक पुस्तकात असलेली. बीकेसीपासून खराडीपर्यंत जे काचेचे चौकोनी ठोकळे उभे आहेत, त्या सगळ्यांची ही आजी. तिला शंभरपैकी मिळाले ३.

या आकड्यांनी एका दिवसात काही वीज वाचली नाही. पण नवी म्हणजे चांगली, जुनी म्हणजे उधळी, पाटी म्हणजे पुरावा, या तीन समजुती एका तक्त्याने उडवल्या. जुन्या इमारतींच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या ही अडचण नसून भांडवल आहे हे आकड्यात दिसलं. फोर्टातल्या दगडी इमारतीत काम केलेल्या कुणालाही हे तोंडी सांगता आलं असतं, पण तोंडी सांगण्यावर भाडं ठरत नाही.

न्यूयॉर्क तिथे थांबलं नाही. २०२० पासून मोठ्या इमारतींना ए, बी, सी, डी असं अक्षर दर्शनी दारापाशी लावावं लागतं. माहितीच दिली नाही तर एफ. २०१९ च्या 'लोकल लॉ ९७' ने उत्सर्जनाला मर्यादा घातली आणि २०२४ पासून मर्यादेवरच्या दर टनाला २६८ डॉलर दंड ठेवला. आधी मोजा, मग दाखवा, मग मर्यादा घाला. दहा वर्षांचे आकडे हातात नसते तर कुठल्या प्रकारच्या इमारतीला किती मर्यादा, हे ठरवताच आलं नसतं. आपल्याकडे उलट क्रमाने विचार होतो. नेट झिरोची तारीख आधी जाहीर होते आणि आज किती जळतंय याची वही उघडलेलीच नसते.

ऑस्ट्रेलियाचा कायदा मला त्याहून शहाणा वाटतो. २०१० च्या त्या कायद्यानुसार मोठं ऑफिस विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की जाहिरातीतच त्याचे तारे छापावे लागतात. सुरुवातीला मर्यादा २ हजार चौरस मीटरची होती, २०१७ मध्ये १ हजारावर आणली. तारे देणारी पद्धत नेबर्स नावाची, शून्य ते सहा, आणि ती बारा महिन्यांच्या खऱ्या बिलांवर चालते. आराखड्याला तिथे शून्य किंमत.

तिच्यातली खरी हुशारी वेगळीच आहे. तिने इमारतीचे दोन भाग केले. लिफ्ट, मध्यवर्ती एसी, लॉबीचे दिवे, पंप ही मालकाची जबाबदारी, त्याचे वेगळे तारे. भाडेकरूच्या मजल्यावरचे दिवे, संगणक, त्याची सर्व्हरची खोली, त्याचे वेगळे. आपल्याकडे या विषयाचा 'वि' काढला की मालक म्हणतो, "भाडेकरू एसी अठरावर ठेवतात, मी काय करू?" आणि भाडेकरू म्हणतो, "चिलर मालकाचा आहे, मी काय करू?" हा वाद तिथे मीटर वेगळे करून मिटवला. कामाचे तास किती, हवामान कुठलं, याची दुरुस्ती सूत्रातच आहे. पुढे विकासक इमारत बांधण्याआधीच करार करून सांगू लागले, की ही साडेचार किंवा पाच ताऱ्यांची होईल, आणि भोगवट्यानंतरच्या वर्षभराच्या बिलाने ते सिद्ध करू. वचन तेच, फक्त या वचनाला परीक्षेची तारीख आहे.

ब्रिटनने दुसरा रस्ता धरला होता. तिथलं ऊर्जा प्रमाणपत्र ए ते जी अशा श्रेणीत मिळतं, विक्री-भाड्याच्या वेळी सक्तीचं आहे, आणि हिशेबावर मिळतं, बिलावर नाही. कागदावर बी असलेलं ऑफिस प्रत्यक्षात डीपेक्षा जास्त खातं, असे प्रकार इतके झाले की २०२० मध्ये त्यांनी नेबर्सच आयात केली. सक्तीचा कायदा असूनही चुकीची गोष्ट मोजली तर काय होतं, ते बघायला लंडनला जावं.

आता आपल्या ताऱ्यांकडे. ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, ऑफिस इमारतींना तारे द्यायची योजना २००९ मध्येच आणली, आणि ती प्रत्यक्ष वापरावर आधारलेली आहे. म्हणजे योग्य गोष्ट मोजणारी पट्टी पंधरा वर्षांहून अधिक काळ आपल्या खिशात आहे. मूळ पट्ट्यांनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असलेल्या ऑफिसने वर्षाला चौरस मीटरमागे १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरली तर पाच तारे. १७५ ते २०० मध्ये असेल तर एक. २०० च्या वर काहीच नाही. चोवीस तास चालणाऱ्या बीपीओंसाठी ताशी वापराचं वेगळं सूत्रही आहे. सगळं तयार आहे, फक्त ऐच्छिक आहे.

त्याच बीईईने फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि खोलीच्या एसीवरचं लेबल जानेवारी २०१० पासून सक्तीचं केलं. आज गावातल्या दुकानातही लोक तारे बघून एसी घेतात, आणि पट्ट्या दर काही वर्षांनी कडक होत गेल्याने कालचा पाच तारे आज तीन होतो. म्हणजे लेबल वाचता न येणारा देश आपण नाही.

फ्रिज वर्षाला दोनशे-अडीचशे युनिट घेतो, त्याच्यावर लेबल आहे. १० हजार चौरस मीटरचं ऑफिस, म्हणजे जेमतेम लाखभर चौरस फूट, चौरस मीटरमागे २०० युनिट घेत असेल तर वर्षाला २० लाख युनिट झाले. आठ हजार फ्रिज. त्याच्यावर लेबल नाही. तेच ऑफिस १०० वर आलं तर १० लाख युनिट वाचतात. युनिटला दहाच रुपये धरले तरी एक कोटी रुपये, आणि ती वीज कोळशाची असेल तर युनिटला सहाशे-सातशे ग्रॅमच्या हिशेबाने सहाशे ते सातशे टन कोळसा, म्हणजे मालगाडीच्या दहा-बारा वाघिणी. हे एका मध्यम इमारतीचं. या वाघिणी चंद्रपूरला रिकाम्या होतात, जिथे २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे आणि जिथल्या उन्हाळ्याच्या बातम्या आपण मे महिन्यात वाचतो. बीकेसीतल्या मीटिंग रूममध्ये शाल पांघरून बसलेल्या बाईंना आणि चंद्रपुरात गच्चीवरची राख झाडणाऱ्या बाईंना जोडणारी तार खरोखरची आहे, उपमा नाही.

१०० हा स्वप्नातला आकडा आहे असं कुणी म्हणेल. इन्फोसिसने हैदराबादच्या पोचारम आवारात २०११ च्या सुमारास एक प्रयोग केला. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचा पण काटकसरीने आखलेला एसी, दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमधून थंड पाणी फिरवून गारवा. दोन्हींना वेगळे मीटर. दुसऱ्या भागात थंडाव्याची वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली आणि कंपनीने आकडे जगासमोर ठेवले. ते ठेवल्याने तिचं काही नुकसान झालं नाही. आकडा चांगला असला की गोपनीयता किती सहज विरघळते!

विरोधात जे बोललं जातं त्यातलं एक मी गंभीरपणे घेतो: इन्स्पेक्टर राज. आणखी एक दाखला, आणखी एक खिडकी, आणखी एक पाकीट. ज्याने अग्निशमन दलाचं ना-हरकत आणि दुकानाचे परवाने काढलेत त्याला ही भीती खरी वाटते, आणि ती आहे. पण इथे इन्स्पेक्टर लागतच नाही. मोठ्या व्यापारी इमारतींचं कनेक्शन उच्चदाबाचं असतं आणि ते मीटर आता दूरूनच वाचले जातात. वीज कंपनीच्या सर्व्हरवर युनिट आहेत. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत क्षेत्रफळ आहे. दोन तक्ते आहेत, त्यांना जोडणारा एक सामाईक क्रमांक नाही. तो दिला की पहिला भागाकार माझ्यासारखा कुणीही एका दुपारी करून देईल. स्वतंत्र मीटरचे भाडेकरू मिळवायचे, जनरेटरचं डिझेल मिळवायचं, ही त्यापुढची कटकट आहे आणि तिला वेळ लागेल. पण कुणी शिडी लावून काच मोजायला येणार नाही.

भाडेकरूला याची पर्वा नाही, हा दुसरा आक्षेप. भाव लिहिलेला नसताना त्याला भावाची पर्वा नाही असं म्हणणं सोपं असतं. आणि सगळ्या भाडेकरूंना पर्वा असायची गरजही नाही. कर्ज देणारी बँक, इमारत विकत घेणारा फंड, सोसायटीतला एक खवट निवृत्त इंजिनिअर, एवढ्यांनी बघितलं तरी पुरतं.

मला खरी धास्ती वेगळ्या जागी आहे: भागाकाराच्या खालच्या आकड्यात. युनिट कमी करायला चिलर बदलावा लागतो, क्षेत्रफळ वाढवायला फक्त पेन लागतं. कायदा आला की पहिल्याच वर्षी तळघरातलं तीन मजली पार्किंग 'क्षेत्रफळात' येईल, लॉबी दोनदा मोजली जाईल आणि सुपर बिल्टअप मागच्या दाराने परत येईल. भाड्याच्या वेळी जागा मोठी दाखवणारे विजेच्या वेळीही ती मोठीच दाखवतील. दोन्हीकडे फायदा तोच. म्हणून वातानुकूलित नसलेलं तळघर वगळायचं हे नियमात असून भागणार नाही, क्षेत्रफळ करपावतीवर आहे तेच घ्यायचं असं लिहावं लागेल. ज्याला मोठं दाखवायचंय त्याने कर मोठा भरावा. मग रिकामे मजले. अर्धी इमारत ओस पडली की युनिट आपोआप घटतात आणि रिकामं ऑफिस पाच तारे मिळवतं. तेव्हा किती मजले वापरात होते ते आकड्याशेजारी छापलं पाहिजे. सौर करार हा तिसरा रस्ता. साताऱ्याच्या पठारावरून पवनवीज घेतली म्हणून पश्चिमेच्या काचेतून येणारं ऊन कमी होत नाही. इमारतीने किती खाल्लं आणि ते कुठून आणलं हे दोन वेगळे आकडे आहेत. ते वेगळेच छापावेत, त्यांची वजाबाकी करू देऊ नये.

नुसत्या पाटीने फार वीज वाचत नाही, हेही मान्य. न्यूयॉर्कला शेवटी दंड लावावाच लागला, आणि तिथले इमारतमालक त्याविरुद्ध कोर्टात गेलेच. पण आपल्याकडे दंडाची गरज नाही, आपण आधीच बक्षीस देऊन बसलो आहोत. जादा एफएसआय मागणाऱ्या प्रत्येक विकासकाला त्याच्या प्रस्तावातलाच आकडा, चौरस मीटरमागे किती युनिट, लेखी द्यायला लावावा. भोगवट्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या बिलाशी तो जुळला नाही, तर त्या ३, ५ किंवा ७ टक्क्यांचं अधिमूल्य व्याजासह वसूल करावं. नवा कर नाही, नवा विभाग नाही. दिलेली वस्तू दिलेल्या अटीवर.

आणि सुरुवात खाजगी इमारतींपासून करू नये, नाहीतर पहिल्याच दिवशी "आधी तुमचं दाखवा" असं ऐकावं लागेल, आणि ते रास्त असेल. ब्रिटनने २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींना प्रत्यक्ष वापराची श्रेणी दारात लावायला लावली. त्यांचं हे एक चांगलं आहे. आपल्याकडे मंत्रालय आहे. २०१२ च्या आगीनंतर त्याचं मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा आराखडे जुने असल्याची सबब नाही. प्रत्येक महापालिकेची मुख्य इमारत आहे, विद्यापीठं आहेत, जिल्हाधिकारी कार्यालयं आहेत, आणि वीज कंपन्यांची स्वतःची मुख्यालयं आहेत, ज्यांना युनिट शोधायला कुणाकडे जावं लागणार नाही. लिफ्टमध्ये परवान्याची चौकट असते तशीच एक चौकट दारात: गेल्या वर्षीचे युनिट, करपावतीवरचं क्षेत्रफळ, भागाकार, आणि त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा भागाकार. मराठीत.